आशूच्या गोळ्या

७ जुलै २०२५

नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं मले दोन वर्साअगोदर सांगतलं होतं का रोज डायरी लिहत जा. आज सुरू केली. घाई कायची होती.

मी भूपेंद्र. राहणार पांढुर्णा. वय सव्वीस. पांढुर्णा-सौसर बसवर क्लीनर. हे सगळं मले माहीत आहे, पण बाई म्हणे तुले इसरायची आदत आहे, म्हणून नावापासून लिहून ठेवलं. उद्या नाव इसरलो तर पहिल्या पानावर भेटन.

मी असा काहून आहो हे आम्हाले त्याच बाईकडे कळलं, तेही फुकटात. माझी लहान बहीण अश्विनी, आम्ही तिले आशू म्हणतो. तिले पंधराव्या वर्सापासून फिट येते. आईलेही येत होती, तिच्याकडूनच आली. तर आशूले नागपूरले नेलं अन् मी थैली पकडाले संग गेलो. बाई आशूले पाहाचं सोडून मलेच पाहत राहिली. मले वाटलं, आज आपण चांगले दिसून राहिलो. मंग म्हणे, "बोटं दाखव. मागे वाकव. चष्मा कधी लागला? बोलायला कधी लागला?"

आई म्हणे, "पाच वर्साचा झाला तरी निस्ता 'भुर्र' म्हणे."

"हा पोटात होता तेव्हा तुम्ही कोणती गोळी घेत होतात?"

आईनं फिटच्या गोळीचं नाव सांगतलं. बाईनं पेन खाली ठेवला.

तर अशी गंमत. त्या गोळीनं माझा वरचा ओठ पातळ, बोटं लांब अन् ढिली, अन् डोक्यातलं हिशोबाचं दुकान कायमचं बंद. इतके वर्सं आजी सांगत राहिली का आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोरगं असं झालं. बिचारी भाजी.

आशूच्या वेळेस तीच आई, तीच गोळी, अन् ती बी.एस्सी. फर्स्ट क्लास. बाई म्हणे सगळ्याच लेकरांले होत नाही. म्हणजे लॉटरी होती, अन् आमच्या घरात पहिल्यांदा कोणाले लागली तर मले.

बाईनं तेव्हाच आशूले बजावलं होतं, "तूही हीच गोळी घेतेस. मूल हवं असेल तेव्हा आधी माझ्याकडे ये, आपण गोळी बदलू. मनानं बंद करायची नाही."

मंग आशूचं लगन झालं, सौसरच्या हेमंतसंग. हेमंत शाळेत मास्तर आहे, चांगला माणूस आहे, हळू बोलते. त्याच्या घरी फिटचं सांगतलंच नाही. आई म्हणे, "सांगतलं तर कोण करन पोरीसंग लगन?" बाबा तर आता नाहीत, म्हणून आई म्हणन ते. तेव्हापासून दर महिन्याले आशूच्या गोळ्या मी पोचवतो, तिळाच्या चटणीच्या डब्यात, प्लास्टिकच्या पन्नीत बांधून. आशूची सासू गुणवंताबाई म्हणते, "तुमच्याकडची पोरगी लयच चटणी खाते बाप्पा."

आता आशूले दिवस गेले. तिसरा महिना आहे. आई रोज म्हणते नागपूरले जाऊन गोळी बदलून आणली पाहिजे, पण सासरी काय सांगून नेवाचं? आशू फोनवर म्हणे, "मी पाहते आई, तू टेन्शन नोको घेऊ." आशू हुशार आहे. ती पाहीन.

११ जुलै

आज चटणी दिली. बस सौसरले दुपारी थांबते तेव्हा मी आशूकडेच जेवतो. आज तिनं मले दोनदा भाजी वाढली अन् समोर बसून पाहत राहिली. म्हणे, "दादा, तुले शाळेत लय त्रास झाला का?"

मले आजपर्यंत हे कोणी इचारलंच नव्हतं. मी सगळं सांगतलं. पाढे म्हणाले उभं केलं का मी पोट दुखते म्हणून पळे, मंग मास्तर म्हणे ह्याच्या पोटात सातचा पाढा अडकला. पोट्टे मले 'भुर्र' म्हणून आवाज देत. दहावीले तीनदा बसलो तर चौथ्यांदा शिपाई म्हणे, ये बेटा, तुझी जागा ठेवली आहे.

मी हासून हासून सांगून राहिलो अन् आशू हासतच नव्हती. पोटुशा बायकांले जोक लवकर कळत नाही वाटते.

लगन झाल्यावर माणसाले भावाची किंमत कळते.

२२ जुलै

आशू म्हणे, "आईले सांग, आता गोळ्या पाठवू नोको. लय जमा झाल्या आहेत." बरं झालं. चटणीत हात घालून पन्नी काढाची म्हणजे तिचीही चटणी, माझीही चटणी.

आज तिनं माझा हात हातात घेतला अन् बोटं पाहत बसली. म्हणे, "दुखते का?" मी म्हटलं, "दुखाले काय झालं, हे पाय!" अन् चारही बोटं मागे मनगटापर्यंत वाकवून दाखवली. बसवरचे पोट्टे ह्याच्यावर टाळ्या वाजवतात. आशू उठून मोरीत गेली अन् उलटी केली. गुणवंताबाई म्हणे, "चालतेच चौथ्या महिन्यापर्यंत."

३० जुलै

हिरामण म्हणजे आमचा कंडक्टर. तो मले पैशाले हात लावू देत नाही, बाकी माणूस हिरा आहे. आज त्याले सांगतलं का माझी बहीण मले रोज माझ्या लहानपणाचं इचारते, मी कधी चाललो, कधी बोललो, आई रडे का, बाबा मारत का. हिरामण म्हणे, "तुझ्यावर पुस्तक लिहते का काय?"

असू शकते. बी.एस्सी. आहे.

६ ऑगस्ट

आशूच्या हातून सकाळचा चहाचा कप सुटला म्हणे. काल पण सुटला होता. गुणवंताबाई माझ्यासमोर बोलली, "मायबापानं कप धराले शिकवलं नाही का?" आशू म्हणे हात ओला होता. झोपेतून उठलं का तिचा हात असा झटका मारते, पहिल्यांदा फिट सुरू झाल्या होत्या तेव्हाही मारे. मी आईले सांगाचं ठरवलं होतं. मंग टायर पंक्चर झाला अन् राहून गेलं.

२४ ऑगस्ट

काल गोटमार होती. अख्ख्या गावानं एकमेकांले गोटे मारले, टाके पडले, डोकी फुटली, अन् येडा म्हणतात मले.

परवा आशू अन् जवाई पांढुर्ण्याले येऊन राहिले, आमच्याच बसनं. मी ड्रायव्हरच्या मागची सीट पुसून ठेवतो.

२६ ऑगस्ट

काय लिहू.

दुपारची खेप होती. आशू खिडकीशी, हेमंत बाजूले. मोहगाव सोडलं अन् मी दारात उभा होतो, तर मागून एक बाई ओरडली. पाह्यलं तर आशू आखडली होती. डोळे वर गेले, हात-पाय झटके मारून राहिले, तोंडातून फेस.

आईच्या फिटा मी चालाले लागलो तेव्हापासून पाह्यल्या. काय कराचं ते मले तोंडपाठ आहे. पण मले तिचं पोट दिसलं अन् पाठ केलेलं सगळं उडून गेलं. मी पत्र्यावर दोन थापा मारल्या अन् ओरडलो, "सौसर, सौसर, सौसर!" बस तर पांढुर्ण्याले चालली होती.

हिरामणनं बस थांबवली. एक बुवा म्हणे चप्पल हुंगवा. एक म्हणे कांदा आणा. एक बाई हात जोडून उभी राहिली, तिले वाटलं अंगात आलं. एकानं तर दातात चमचा घालाले काढला, तेव्हा माझं डोकं जागेवर आलं. मी त्याच्या हातचा चमचा बाहेर फेकला अन् आशूले कुशीवर केलं, डोक्याखाली माझा शर्ट दिला. मंग बसून राहिलो. फिटमध्ये बसून राहणंच असते.

हेमंत पांढराफटक पडला होता. म्हणे, "हे काय होय? दादा, हे काय होय?"

मी म्हटलं, "फिट होय."

"कायची फिट?"

"जुनी."

तोंडातून निघून गेलं. आईनं लगनापासून दाबून ठेवलेलं मी एका शब्दात सांगून टाकलं. हेमंतनं मले पाह्यलं, आशूले पाह्यलं, अन् मंग गाडीतून खाली उतरून रस्त्याच्या कडेले उभा राहिला. एक ट्रक गेला, दुसरा गेला, मंग परत चढला अन् आशूचं डोकं मांडीवर घेतलं.

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात लेकराचे ठोके लागले. बरोबर आहेत म्हणे. आई भिंतीले टेकून बसली होती. तिले फक्त एवढंच इचारलं हेमंतनं, "तुम्हाले माहीत होतं?" आईनं हो म्हणून मान हलवली.

२८ ऑगस्ट

आशूले नागपूरले नेलं. मी, आई, हेमंत. बाईनं इचारलं, "गोळी कधी बंद केलीस?"

"दिवस गेले कळलं तेव्हाच."

"मी काय सांगितलं होतं? मनानं बंद का केलीस?"

आशू खाली पाहून राहिली. मंग हळूच म्हणे, "दादाले पाहून."

मी म्हटलं, "मले पाहून काय?"

बाई चष्मा पुसत बसली. हेमंत खिडकीतून बाहेर पाहे. आईनं पदर तोंडाले लावला. मी पुन्हा म्हटलं, "मले पाहून काय, आशू?"

आशू म्हणे, "तुझ्यासारखं नोको म्हणून."

मले उशिरा कळते, पण कळते. ते बोटं पाहणं. ते शाळेचं इचारणं. ती उलटी.

बाईनं दुसरी गोळी दिली. म्हणे ही बरीच बरी आहे, पण शंभर टक्के हमी मी काय, कोणीच देणार नाही. सुरुवातीचे आठवडे जुनी गोळी पोटात गेलीच आहे. पुढच्या महिन्यात लेकराचा मणका पाहाले मोठी सोनोग्राफी आहे. अन् पुन्हा म्हणे, "मोठी फिट आली तर बाळही जाईल आणि तूही. आता एकही गोळी चुकवायची नाही." मंग मले पाहून काहीतरी बोलणार होती, पण मी थैली उचलून बाहेर आलो.

२९ ऑगस्ट

बस धुतली.

३१ ऑगस्ट

बस धुतली. हिरामण म्हणे, "अबे, परवाच तर धुतली."

५ सप्टेंबर

आशूकडे जेवाले जात नाही. स्टँडवर समोसा खातो. समोशाले बहीण नसते.

आज सगळं खरं लिहतो, वाचणारा मीच आहो. मले पहिले राग आला. मंग वाटलं, ती बरोबरच बोलली, मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं का माझ्यासारखं नोको. मंग पुन्हा राग आला. मंग भूक लागली. मंग समोसा खाताना रडू आलं अन् समोसेवाला म्हणे, "मिर्ची जास्त झाली का?" मी म्हटलं हाव.

मले सगळ्यात जास्त कायचा राग आला तर भाजी दोनदा वाढल्याचा. मले वाटलं होतं माया करून राहिली. ती नमुना पाहून राहिली होती.

सासरी वेगळाच तमाशा आहे म्हणे. गुणवंताबाई आशूसंग बोलत नाही. शेजारणीले म्हणते, "फसवलं आम्हाले." खोटं नाही, फसवलंच.

९ सप्टेंबर

आज सौसर स्टँडवर हेमंत आला. शाळा सोडून आला होता, हाताले खडू तसाच. मले वाटलं भांडाले आला. तर म्हणे, "दादा, ती नवी गोळीही घेऊन राहिली नाही. माझ्यासमोर तोंडात टाकते अन् बाहेर जाऊन थुंकते. आज तुळशीच्या कुंडीत तीन सापडल्या."

मी म्हटलं, "मंग रागवा ना तिले."

"रागवलो. रडलो पण. ती म्हणते डॉक्टर आता हिले बरी गोळी म्हणतात, पण माझ्या आईच्या गोळीलेही तेव्हा कोणी वाईट म्हटलं नव्हतं." मंग खडू पुसत म्हणे, "तुम्ही सांगा तिले. तुमचं ऐकन."

"जवाईबुवा, तिले जो रोग नोको तो मीच आहो. अन् आता दवाही मीच होऊ का?"

हेमंत म्हणे, "मले दुसरं कोणी सुचलं नाही, दादा." अन् हळूच म्हणे, "मले तिचा राग आहे. लय आहे. पण ती मेली तर मी तो कोणावर काढू?"

मास्तर लोकं कधीकधी कामाचं बोलतात.

१० सप्टेंबर

आईले सांगतलं. आई पोळी लाटत होती, ती तशीच थांबली. मंग गॅस बंद केला अन् खाली बसली.

म्हणे, "तुझ्या अगोदर एक होता."

मी म्हटलं, "कोण एक?"

"पोरगा. सातवा महिना होता. तुझी आजी म्हणे पोटात लेकरू असताना गोळ्या कायले, अन् मलेही भेव वाटे. बंद केल्या. विहिरीवर पाणी काढत होती, फिट आली, काठावर पोटावरच पडली. मी वाचली."

सव्वीस वर्सं मी घरातला मोठा म्हणून फिरून राहिलो, अन् मी मोठा नाहीच.

आई म्हणे, "म्हणून तू पोटात होता तर मी एक गोळी चुकवली नाही. तुझ्या बाबाले उठवून उठवून इचारे, घेतली ना मी, पाह्यली ना तुम्ही? मले कोणी सांगतलं नाही रे का ती गोळी अशी असते. बंद केली तर तो गेला. खाल्ली तर तू..." अन् थांबली.

मी म्हटलं, "तर मी काय? बोल ना. आता सगळेच बोलून राहिले, तूही बोल."

आई म्हणे, "तर तू आला."

मंग तिनं गॅस लावला. पोळी लाटलेली वाळून कडक झाली होती, तीच शेकली अन् मले वाढली. मी खाल्ली.

मी म्हटलं, "हे आशूले सांगतलं का कधी?"

"कोणालेच नाही."

"उद्या पहिल्या गाडीनं चल. तिकीट हिरामण मागणार नाही."

११ सप्टेंबर

आईले घेऊन गेलो. गुणवंताबाई दारातच होती. आईनं हात जोडले, तिनं पाह्यलंच नाही, पण दारातून सरकली. तेवढं लय झालं. हेमंत शाळेत होता. आशू सैपाकघरात बसली होती, डोळे खोल गेलेले. मले पाहून उठाले लागली.

मी म्हटलं, "बस. माझ्यात काय काय खराब आहे ते सांग. मागून नोको, तोंडावर सांग."

"दादा, असं नोको ना करू."

"सांग. नाहीतर मी सांगतो. बोलाले उशीर. पाढे नाही. दहावी नाही. ओठ पातळ. चष्मा जाड."

आशू एकदम सुटली. "तुझं लगन होऊन राहिलं नाही. आईनंतर तुझं कोण करन, आई ह्याच भेवानं झोपत नाही. बाबा गेले तेव्हा तू येणाऱ्या-जाणाऱ्याले चहा पाहिजे का इचारत फिरला, लोकं तोंडावर रुमाल ठेवून हासले. लोकं हासतात तुझ्यावर दादा, अन् तुले कळतही नाही का हासून राहिले."

मी म्हटलं, "कळते."

ती पाहतच राहिली.

"कळते मले. न कळल्यासारखं करतो. नाहीतर त्यांलेही लाज वाटते अन् मलेही. हासून मोकळे होतात, मी बस धुतो."

आशू रडाले लागली. म्हणे, "मंग तूच सांग. मी हे सगळं पुन्हा एका लेकराचं पाहू? माझ्याच लेकराचं? मले नाही होणार."

"तू बाहेरून पाहून राहिली," मी म्हटलं. "मी अंदर राहतो. अंदर बरं असते. रोज नाही. पण बस सुटते, हवा लागते, मोहगावच्या पोट्ट्यासंग गोष्टी होतात, तुझ्याकडे जेवाले भेटते. भेटत होतं. मरावं असं मले कधी वाटलं नाही, आशू. फक्त त्या दिवशी नागपूरले वाटलं, थोडंसं."

हे मी बोलणार नव्हतो. निघून गेलं.

मंग आईनं विहिरीचं सांगतलं. जसं मले सांगतलं तसंच, फक्त ह्या वेळेस रडली नाही. गुणवंताबाई कधी दाराशी येऊन उभी राहिली कोणाले कळलं नाही. आईचं झाल्यावर आशू म्हणे, "आई, तू मले अगोदर काहून नाही सांगतलं?"

आई म्हणे, "तुझ्या लगनात तुझी फिट, त्याअगोदर ते पोरगं, सगळं झाकतच राहिली. झाकाची आदत लागते बाई."

मंग गुणवंताबाई पाण्याचा गिलास घेऊन आली, आशूसमोर आपटला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बोलली तर हे बोलली, "गोळी घे. तमाशा मंग. तुम्ही लोकांनं आम्हाले फसवलं त्याचं मी लेकरू झाल्यावर पाहते. अन् तोंड उघडून दाखव, माझी तुळस मारून टाकली."

आशूनं गोळी घेतली. तोंड उघडून दाखवलं.

तिनं मले सॉरी म्हटलं नाही. माझ्या ध्यानात आहे. पण जाताना म्हणे, "जेवून जा."

जेवलो. भाजी एकदाच वाढली.

१९ सप्टेंबर

सोनोग्राफी झाली. मणका ठीक, हृदय ठीक, ओठ ठीक. हेमंतनं इचारलं, "म्हणजे सगळं ठीक?" बाई म्हणे, "दिसतं ते ठीक. डोकं कसं चालेल हे मशीनमध्ये दिसत नाही. बोलायला लागेल तेव्हा कळेल, शाळेत जाईल तेव्हा कळेल. तुमचं-माझंही तेव्हाच कळलं." माझ्याकडे पाहून हासली. मीही हासलो, बाई चांगली आहे.

परत येताना आशू गाडीत झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. हेमंतच्या खांद्याले जागा होती. ती माझ्या बाजूनं कलंडली, रस्ता तसा होता.

२ नोव्हेंबर

गुणवंताबाई आता रोज सकाळी आशूले उभं करून गोळी देते, जशी शाळेत प्रार्थना. अन् अख्ख्या गल्लीत सांगते, "आमच्या सुनेले फिट येते, तर काय झालं, गोळी चालू आहे." दोन महिन्याअगोदर फसवलं म्हणून सांगे. तोंड तेच, गल्ली तीच.

आईसंग अजून बोलत नाही. आई म्हणते बरोबर आहे तिचं.

१७ डिसेंबर

फिट आली नाही. आठवा महिना. आशू एवढी झाली का मोरीच्या दारातून आडवी जाते. मी म्हटलं तर चप्पल फेकून मारली. लागली. बहीण परत आली म्हणाची.

२४ जानेवारी २०२६

काल पोरगी झाली. सौसरले, साधी डिलिव्हरी. मी बसवर होतो, हेमंतचा फोन हिरामणनं घेतला अन् भर गाडीत ओरडला, "भुप्या मामा झाला!" एका पॅसेंजरनं मले भजे दिले.

आज आशूले भेटाले दवाखान्यात गेलो. खोलीत आई होती, गुणवंताबाई होती, हेमंत होता. पोरगी पाळण्यात. सगळे म्हणून राहिले नाक कोणाचं, रंग कोणाचा, कान बापावर गेले. पण नाक कोणी पाहत नव्हतं. सगळे तिचा वरचा ओठ पाहून राहिले होते. आई पाहे, मंग दुसरीकडे पाहे, मंग पुन्हा पाहे. हेमंतनं तर चष्मा काढून पाह्यला. शेवटी गुणवंताबाई म्हणे, "आता किती पाहता, झिजन तो ओठ. चला बाहेर, चहा घ्या." अन् आईले म्हणे, "तुम्हीही चला विहीणबाई." आई एवढी घाबरली का चप्पल उलटी घालून गेली.

मी राह्यलो. मीही ओठ पाह्यला, खोटं कायले लिहू. मले काही समजलं नाही. एवढ्याशा ओठात काय समजते.

आशू पाहून राहिली होती मले. म्हणे, "दादा, तुले अजून राग आहे का माझा?"

मी म्हटलं, "हाव."

"लय?"

"लय नाही. पण आहे. राहीन थोडा."

ती म्हणे, "राहू दे."

मंग म्हणे, "मले लय झोप आली आहे. काल रातपासून डोळा लागला नाही. सगळे तिले घेतात अन् तिच्यात काहीतरी शोधतात. मले पाहवत नाही. तू धर तिले."

मी म्हटलं, "मले? माझ्या हातून पडली तर?"

"नाही पडणार."

तिनं पोरगी उचलून माझ्या हातात दिली, माझी बोटं एकेक करून तिच्या डोक्याखाली नीट ठेवली, कूस बदलली अन् झोपली. खरंच झोपली, घोरली पण.

पोरगी गरम होती. तिनं माझ्या शर्टावर मुतलं अन् जांभई दिली. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, पण आवाज कोणाले देवाचा? दिला असता तर दोघीही उठल्या असत्या. दुपारची बस माझ्याशिवाय गेली. हिरामण खाली बस थांबवून हॉर्न मारत राहिला, मारत राहिला, मंग गेला.